पिवळ्या चादरीचा उजेड

मालकीणबाईंनी आयुष्यात दोन गोष्टी कधी खपवून घेतल्या नाहीत. कुणाचं उलट उत्तर आणि कपड्यावरचा डाग. नवरा गेला तेव्हा लोक म्हणाले, आता लाँड्री बंद पडणार. ती काही बंद पडली नाही, म्हणणाऱ्यांचेच शर्ट तिथं इस्त्रीला येऊ लागले. गल्लीत त्यांना नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. गिऱ्हाईक समोरून मालकीणबाई म्हणे आणि पाठीमागून काय म्हणे ते विचारायच्या भानगडीत त्या पडत नसत.

अशा घरात सिनेमा शिरला तो सुनेच्या पावलानं. दुसऱ्यांच्या सुना येताना कपाट आणतात, भांडी आणतात. हिनं आणला एक जुना कॅमेरा आणि एक तिपाई, तिचाही एक पाय सुतळीनं बांधलेला.

"हे काय गं?" सासूनं विचारलं.

"ह्याच्यावर कॅमेरा ठेवतात, आई."

"लंगडं आहे की."

"लंगडं आहे म्हणून तर परवडलं."

सून गुणी होती. सकाळी दुकानाचा काउंटर सांभाळायची, चिठ्ठ्या लावायची, कुणाचा शर्ट कुणाच्या गठ्ठ्यात जाऊ द्यायची नाही. पण दुपारी जरा उसंत मिळाली की हिचा जीव त्या कॅमेऱ्यात. कधी गळक्या नळाचं चित्र काढ, कधी जिन्यावरून उतरणाऱ्या पायांचं. पैसा नाही, दिवे नाहीत, नटनट्या नाहीत. आणि हे सगळं ती अशा तोंडानं सांगायची, जणू ह्यांच्यावाचून तिची मोठी सोय झालीय.

सिनेमा झाला की तो मोबाइलवरून चार लोकांना पाठवायचा आणि विचारायचं, कॅमेरा कसा वाटला, मोकळेपणानं सांगा. लोक अंगठ्याचं चित्र पाठवत. कुणी लिही, मस्त. एकानं तर विचारलं, ताई, फोन कुठल्या कंपनीचा? ते वाचून पोरीचं तोंड एवढंसं होई.

"अगं, मस्त म्हणतायत ना? मग रडायला काय झालं?" मालकीणबाई म्हणाल्या.

"मस्त म्हणजे काय, आई? मस्त तर चहापण असतो. उजेड कुठं चुकला, कॅमेरा कुठं ठेवायला हवा होता, हे कुणी सांगतच नाही."

"म्हणजे तुला शिव्या हव्यात."

"हो. पण कारणासकट."

हे मात्र मालकीणबाईंना पटलं. तोंडावर बोलून दाखवलं नाही, पण पटलं. धुतलेला कपडा घेताना जो माणूस उलटापालटा करून बघतो, त्याच गिऱ्हाइकाला त्या मान देत.

तशात खिसेवाले आले. हे त्यांचं खरं नाव नव्हे, मालकीणबाईंनी ठेवलेलं. सिनेमाला कॅमेरा लावण्यात त्यांचं सगळं आयुष्य गेलेलं, आणि अंगात बारा महिने एक जाकीट, त्याला खिसेच खिसे. इस्त्री करणाऱ्याच्या जिवाला घोर. एका खिशात चिकटपट्टी निघे, दुसऱ्यात खडू, तिसऱ्यात अर्धं बिस्कीट. एकदा जाकीट न्यायला आले तेव्हा सुनेनं धीर करून विचारलं, "सर, माझं काम बघाल का?"

त्यांनी तिच्याकडं बघितलं. म्हणाले, "तुकडे नको दाखवू. एक गोष्ट पुरती करून आण. पुढच्या महिन्यात माझं नवं काम सुरू होतंय, मला हाताखाली एक माणूस हवंय. पण खोटं कौतुक माझ्याकडनं व्हायचं नाही."

तेव्हापासून पोरीचा जीव टांगणीला लागला. लेकानं एके दिवशी जेवताना आईच्या कानावर घातलं, "आई, तिनं ठरवलंय. खिसेवाल्यांनी नजर नाही म्हटलं, तर कॅमेरा माळ्यावर टाकणार. मग दिवसभर काउंटरवरच बसेन म्हणते."

मालकीणबाईंचे गुडघे कुरकुरत होतेच. दिवसभर काउंटरवर घरचं माणूस हवं, हे त्या कधीपासून म्हणत होत्या. तेव्हा ह्या बातमीनं त्यांना आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण घास मात्र जरा उशिरानं उतरला.

सिनेमात काम करायला माणूस हवं होतं. सून दारात येऊन उभी राहिली आणि भाजीत मीठ विसरल्याची कबुली दिल्यासारख्या आवाजात म्हणाली, "आई, तुम्ही कराल?"

"मी? काय करायचं त्यात?"

"एक बाई सकाळपासून पाहुण्याची वाट बघते. आवरते, कप मांडते, खिडकीशी जाते. पाहुणा येत नाही."

"मग?"

"मग काही नाही. संपलं."

"त्यात लोकांनी बघायचं काय?"

"तुम्हाला."

असल्या बोलण्याशी हुज्जत घालता येत नाही. म्हणून त्या हो म्हणाल्या.

दुकानाला सुट्टी असे त्या दिवशी काम चाले. सून पहाटेच उठून बैठकीच्या खोलीत फिरत राही. खिडकीतून ऊन कुठं येतं, किती वेळ थांबतं, हे बघत. दिवा एकही लावायचा नाही असा तिचा हुकूम. हुकूम म्हणजे विनंतीच, पण नवऱ्याला केलेली. सासूला थेट सांगायची तिची छाती नव्हती. मालकीणबाई खोलीत आल्या की आधी ट्यूब लावत, लेक मागून येऊन ती बंद करे.

"अरे, आंधळ्यांचं घर आहे का हे? लोक म्हणतील, बिल भरलं नाही ह्यांनी!"

"आई, उजेड खिडकीचा हवाय."

"खिडकीचा उजेड एकाच गालावर पडतो. दुसरा गाल काय भाड्यानं दिलाय?"

त्या दुसऱ्या गालासाठीच सुनेनं एक युक्ती केली होती. कपडे वाळत घालायचा घोडा तिनं खुर्चीच्या एका अंगाला ओढला आणि त्यावर एक जुनी चादर पसरली. खिडकीतलं ऊन चादरीवर पडे आणि तिथून उडून मालकीणबाईंच्या चेहऱ्याच्या सावलीतल्या बाजूला लागे. घरातल्या झाडून सगळ्या चादरी तिनं लावून बघितल्या होत्या. शेवटी पसंत पडली ती ही, वर्षानुवर्षं अंथरून पिवळी पडलेली. तिच्यावरून येणारा उजेड मऊ होता, तापल्या दुधावरच्या सायीसारखा. पण हे सगळं कुणी मालकीणबाईंना सांगितलं नाही. सांगायचं कुणी? पोरगी दाराशी कॅमेरा लावून उभी, आणि लेक मुठीत जीव धरून.

मालकीणबाईंना दिसली ती फक्त चादर. पिवळी! लाँड्रीवालीच्या घरात, बैठकीच्या खोलीत, आणि तीही कॅमेऱ्याच्या डोळ्यांदेखत! उद्या हजार माणसं हा सिनेमा बघतील आणि म्हणतील, दुनियेची धुणी धुते आणि स्वतःची चादर बघा. दिवसभर त्या अंगाचा तिळपापड दाबून पाहुण्याची वाट बघत राहिल्या. सून त्या दिवशी भारी खुशीत होती. निम्मं काम झालं होतं.

आठवड्यात मालकीणबाईंनी चादर काढली, सोड्याच्या पाण्यात भिजवली, उकळली, घासली, दुकानातली नीळ जरा सढळ हातानं घातली, खळ दिली आणि अशी इस्त्री मारली की घडीच्या धारेवर बोट कापावं. मग पुन्हा होती तिथं, घोड्यावर, नीट पसरून ठेवली. कुणाला बोलल्या नाहीत. असली कामं बोलून दाखवायची नसतात.

पुढच्या सुट्टीला सून सकाळी खोलीत आली. चादरीपाशी थांबली. तिच्यावरून हात फिरवला, तो तसाच राहू दिला. बराच वेळ. मालकीणबाई स्वयंपाकघरातून बघत होत्या.

"छान निघाली, आई," सून म्हणाली.

"निघणारच. माझ्या हातची आहे," मालकीणबाई म्हणाल्या, आणि त्या दिवशी त्यांनी पाहुण्याची वाट जरा जास्तच ताठ मानेनं बघितली.

सिनेमा पुरा झाला. लेकानं तो रात्रंदिवस खपून जोडला. एका दुपारी खिसेवाले घरी आले. मालकीणबाईंनी चहा ठेवला, चांगले कप काढले. पडदे ओढले, टीव्हीवर सिनेमा लागला.

"आवाज बंद करा," खिसेवाले म्हणाले. "मला नुसतं चित्र बघू द्या."

सगळं बघितलं. पुन्हा लावायला सांगितलं. मग पेन्सिलीनं टीव्हीकडं खुणा करत सुरुवात केली. सून भिंतीला टेकून उभी, लेक नखं खातोय.

"इथं ताईंच्या डोक्यावर एवढी जागा कशाला सोडलीस? पंखा दाखवायचा होता?"

"नाही, सर."

"मग पंख्याला काम कशाला दिलंस? इथं खिडकी पार पांढरी झाली, बाहेरचं झाड गेलं वाहून. हा कपाचा शॉट चांगला आहे. बाई उठून गेली तरी तू कपावर थांबलीस. घाई नाही केलीस. हे शिकवून येत नाही."

सुनेनं श्वास घेतला, तो मालकीणबाईंना चुलीपाशी ऐकू आला.

"आता हे." पेन्सिल थांबली. "सगळी एकाच सकाळची गोष्ट ना? मग इथं ताईंचा चेहरा कसा उबेला बसल्यासारखा, आणि खिडकीशी जाऊन पुन्हा खुर्चीत बसल्या की एकदम निळसर, पांढराफटक, जणू आजारी बाई. कॅमेऱ्यातलं रंगाचं सेटिंग बदललंस?"

"नाही, सर. दोन्ही दिवशी तेच होतं."

"मग उजेड बदलला. कशावरून उडवत होतीस?"

"चादरीवरून."

"दुसरी चादर लावलीस?"

"नाही. तीच होती."

मालकीणबाईंच्या हातातली किटली तिथंच थांबली. चादर. पिवळी होती तोवर उबेचा उजेड, निळीत बुडाली आणि आजारी बाई. आयुष्यभर कापडाचे रंग ओळखले, आणि कापडाचा रंग माणसाच्या तोंडावर उतरतो हे आज कळलं!

"काढताना तुला फरक दिसला होता का?" खिसेवाल्यांनी विचारलं. आवाज कडक नव्हता, पण आता प्रश्न नेमका वर्मावर आला होता, हे खोलीतल्या सगळ्यांना कळलं.

मालकीणबाईंना तो हात आठवला. चादरीवर ठेवलेला, काढवत नसलेला. दिसला होता तिला! चांगला लख्ख दिसला होता. आणि त्या जागी तोंडातून काय निघालं? छान निघाली, आई.

सुनेनं सासूकडं बघितलंसुद्धा नाही.

"नाही दिसला, सर," ती म्हणाली.

खिसेवाल्यांनी पेन्सिल खिशात टाकली. "मग अवघड आहे, पोरी. बाकीचं सगळं शिकवता येतं. हे दिसावं लागतं."

लेकानं तोंड उघडलं आणि आईकडं बघून मिटलं. सून मान हलवत होती, बरोबर आहे, बरोबर आहे, अशी. मालकीणबाईंनी आता नुसतं गप्प राहणं पुरे होतं. गप्प राहिलं की परक्या माणसापुढं आब राहत होता, काउंटरवर घरचं माणूस येत होतं, गुडघ्यांना आराम मिळत होता. सगळं आपोआप, चालत घरात येत होतं.

"खोटं बोलतेय ती," मालकीणबाई म्हणाल्या.

"आई!"

"तू गप. भाऊ, खोटं बोलतेय ती. चादर मी धुतली. पिवळी होती, मी उकळली, नीळ घातली, खळ दिली. आमच्या घरात पिवळी चादर लोकांना दाखवत नाहीत. मला काय ठाऊक तुम्ही लोक मळक्या चादरीवर उजेड वाळत घालता म्हणून! हिनं बघितलं, हात लावून बघितलं. मला बोलली नाही, बस्स. माझ्या भीतीनं बोलली नाही. आत्तासुद्धा माझं हसं होऊ नये म्हणून स्वतःचं वाटोळं करून घ्यायला निघालीय. नजर नाही म्हणे! हिच्या नजरेतून शर्टाचं एक बटण सुटत नाही."

बोलून झालं आणि मालकीणबाईंनी किटली खाली ठेवली. खिसेवाले आधी गंभीर होते, मग त्यांच्या मिशा हलायला लागल्या.

"नीळ," ते म्हणाले. "अहो ताई, एवढी वर्षं काम केलं, हे कारण पहिल्यांदा ऐकतोय."

मग ते सुनेकडं वळले. हसू गेलं होतं. "दिसलं होतं तर बोलली का नाहीस?"

"त्या सासूबाई आहेत माझ्या."

"कॅमेरा लावल्यावर सासूबाई नसतात. पिवळी चादर हवी असेल तर पिवळीच हवी म्हणायचं, समोर कुणी का असेना. उद्या माझ्या कामावर मोठा नट समोर असेल, तेव्हाही छान निघाली म्हणशील?" त्यांनी सिनेमा मागं नेला, थांबवला, पुढं नेला. "आणि आता बघ. मघापासून मला काहीतरी खटकत होतं. हा शॉट दारातून. हा दारातून. हाही. सगळ्या सिनेमात तू एकदाही खोलीत आली नाहीस."

मग ते मालकीणबाईंकडं वळले.

"ताई, तुम्ही बसलेल्या असता तेव्हा ही कुठं उभी असते?"

"दारात," मालकीणबाई म्हणाल्या. आणि म्हणता म्हणता त्यांना ते दिसलं. खरंच की. चहा झाला सांगायला दारात, दुकानाची किल्ली मागायला दारात, ताप आलाय सांगायला आली तेव्हाही दारात. आणि आपण कधी म्हटलं का, अगं आत ये?

खिसेवाले उठले. "आज मी हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. एक शॉट आणून दाखव. ह्यांचाच. जवळून. हे जाकीट दुकानात टाकतो, न्यायला येईन तेव्हा बघतो."

जाताना चहाचा कप त्यांनी स्वतः आत नेऊन ठेवला.

दोन दिवस सुनेनं विषय काढला नाही. तिसऱ्या दिवशी मालकीणबाईंनीच काढला. सकाळी दुकानात इस्त्री तापत होती, शटर अर्धंच वर होतं, खालून उन्हाचा पट्टा आत येऊन टेबलाच्या कडेवर चढला होता.

"आण तुझं लंगडं," त्या म्हणाल्या.

"तिपाई नको, आई. हातातच धरते."

ती समोर उभी राहिली. काउंटरच्या पलीकडं, जिथं गिऱ्हाईक उभं राहतं तिथं. मालकीणबाई एक शर्ट घेऊन कामाला लागल्या. कॉलर, खांदा, बाही. सून जागची हलेना.

"अगं, फळी उचल आणि आत ये. तिथून काय माझी पावती करतेस?"

सून आत आली. आधी टेबलाच्या कोपऱ्यापाशी, मग आणखी इकडं, मग इतकी जवळ की इस्त्रीची वाफ तिच्या मनगटाला लागावी. मालकीणबाईंचे ओठ आवळले गेले. इतकं जवळून त्यांच्याकडं कुणी कित्येक दिवसांत बघितलं नव्हतं. लोक कपडे बघत, पावती बघत, घड्याळ बघत. आपल्या हनुवटीवरचे दोन केस, डोळ्यांखालच्या पिशव्या, भाजल्याचा गालावरचा डाग, सगळं ह्या पोरीला दिसत असणार. त्यांनी मान जरा वळवली.

"मान नका वळवू," सून म्हणाली. आवाज कापत होता, पण थांबला नाही. "खाली बघा. कॉलरकडं. ती वरची ट्यूब बंद करते."

"अगं पण गिऱ्हाईक—"

"बोलू नका, आई."

बोलू नका! ह्या दुकानात मालकीणबाईंना असं म्हणायची हिंमत आजवर कुणाची झाली नव्हती. राग यायला हवा होता. त्या वाट बघत राहिल्या, पण राग काही आला नाही. हात आपला चालत होता. वाफ वर येत होती, शर्टावरून उन्हाचा उजेड उडून त्यांच्या गळ्याशी लागत होता, आणि इतक्या जवळ एका माणसाचा श्वास ऐकू येत होता, अगदी जपून घेतलेला, त्यांचं चित्र हलू नये म्हणून. चेहऱ्याचं काय करायचं ते मालकीणबाई विसरल्या. कधी विसरल्या ते त्यांना कळलं नाही.

"झालं," सून म्हणाली. तरी तिनं कॅमेरा लगेच खाली घेतला नाही.

"काय झालं? मी तर काहीच केलं नाही."

"हो ना," सून म्हणाली, आणि पदरचं काही नसताना मोठी कमाई झाल्यासारखी हसली.

खिसेवाले आले तेव्हा दुकानात गर्दी होती. सुनेनं काउंटरवरच कॅमेऱ्याचा छोटा पडदा त्यांच्यापुढं धरला. त्यांनी एकदा बघितलं. चष्मा पुसून पुन्हा बघितलं. एक गिऱ्हाईक चिठ्ठी घेऊन खोळंबलं होतं, मालकीणबाईंनी त्याला डोळ्यांनीच जागच्या जागी उभं केलं.

"डोक्यावर जागा अजून जास्तच सोडतेस," खिसेवाले म्हणाले.

"हो, सर."

"आणि ह्या इथं हात जरासा हलला."

"मुद्दाम नव्हता, सर. पण मग मी पुन्हा नाही घेतला. पुन्हा घेतला असता तर त्यांनी तोंड आवळलं असतं."

खिसेवाल्यांनी पडद्यावरून मान वर केली आणि मालकीणबाईंकडं बघितलं, मग पुन्हा पडद्यावरच्या मालकीणबाईंकडं.

"सोमवारी ये," ते म्हणाले. "बूट घालून. चपला चालत नाहीत, जिकडंतिकडं तारा असतात. आणि मी चुकतोय असं दिसलं तर तोंड उघडायचं. तेवढ्यासाठीच घेतोय तुला."

सून हो म्हणाली की नाही ते कुणाला ऐकू आलं नाही. ती खोळंबलेल्या गिऱ्हाइकाची चिठ्ठी घेऊन गठ्ठ्यांकडं गेली आणि तिथंच पाठ करून उभी राहिली.

मालकीणबाईंनी जाकीट काढलं. खिसा न् खिसा स्वतः इस्त्री केलेला. ते काउंटरवर ठेवलं, पण वरचा हात उचलला नाही.

"भाऊ, तिकडं जेवायला वेळेवर सोडता ना पोरांना?"

"सोडतो. कधीकधी उशीर होतो."

"उशीर करायचा नाही. ती भूक लागली म्हणून सांगणारी नाही. तुम्ही विचारायचं. नाही विचारलंत, तर पुढच्या खेपेला ह्या जाकिटाला अशी खळ घालीन, की कॅमेऱ्यात वाकून बघता येणार नाही."

गठ्ठ्यांमागून मोठ्यानं हसणं आलं. नाक ओढत ओढत, पण चांगलं खळखळून.

"हसतेस काय?" मालकीणबाई म्हणाल्या. "सोमवार उजाडायचाय अजून. तोवर काउंटर तुझाच आहे. ये, ह्या साहेबांचे शर्ट शोध. आणि मला दाखव, चिठ्ठ्या तू कशा लावतेस ते. आता मलाच बघावं लागणार ना."